डाव्या हाताचा रंधा

अब्बा, सलाम.

तुमचा पत्ता आमच्याकडं नाही, तरी लिहितेय. मला काम मिळालं. तळेगावच्या एका फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम शिकायचं, आणि शिकता शिकता पगारही मिळणार. मुलगी आलेली बघून तिथले अंबाजी मिस्त्री आधी हसले. मग सागाची फळी पुढं सरकवून म्हणाले, "मार रंधा."

मी मारला आणि त्यांचं हसू थांबलं. "डावरी हाय व्हय गं?"

"नाही," मी म्हणाले. लिहिणं, जेवणं, माझं सगळं उजव्या हाताचं. पण लहानपणी तुम्ही अंगणात रंधा मारायचात, तेव्हा मागं उभी राहून मी तुमचेच हात बघत राहायचे, आणि तुम्ही डावरे. हे मिस्त्रींना सांगितलं नाही.

"उजव्याची सवय कर," ते म्हणाले.

दिवसभर केली. संध्याकाळी सगळे चहाला गेले, तेव्हा मी हात बदलला. अख्ख्या फळीचा एकच लांब छिलका निघाला, इतका पातळ की त्यातून खिडकीतलं ऊन आरपार दिसत होतं. वाटलं, मी फळीपाशी नाहीच, आपल्या अंगणात आहे आणि आता तुम्ही माझ्या मागं उभे आहात.

तो छिलका ओढणीत बांधून कार्ल्याला घरी आणला. लोणावळ्यातल्या बंगल्याचं काम घेऊन तुम्ही गेलात ते परत आलाच नाहीत, तेव्हापासून अम्मी तुमचं नाव घेत नाही. आज तिनं तो छिलका डोळे मिटून हुंगला.

"कुठल्या हातानं काढलास?"

मी डावा हात पुढं केला. तिनं तो बराच वेळ सोडला नाही.

तुमची,
सानिया