केळीचे खोड

नागपूर, ४ मे १९५७

चि. वसंतास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या वहिनीचा गुडघा आणि माझे डोके, दोन्ही दुखते आहे. डोक्याचे कारण तू.

तुमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या उत्तरपत्रिका यंदा माझ्याकडे आल्या. हे गुपित ठेवायचे असते, म्हणून फक्त तुलाच कळवतो. 'केळीच्या खोडाचे वर्णन करा' या प्रश्नाला एकोणीस जणांनी शब्दाला शब्द एकच उत्तर दिले आहे. सुरुवात, 'केळीला उभे खोड नसते.' शेवट, 'खोड आहे ती पुस्तक लिहिणाऱ्याला.' पुस्तक लिहिणारा मी, हे तुला आठवत असेलच.

सर्वांना शून्य दिले आणि सामुदायिक नक्कल म्हणून विद्यापीठाला कळवले. निकाल राखून ठेवतील. तुझ्या शिकवण्याचे कौतुक कोणत्या शब्दांत करावे, ते तूच सुचव. एकोणीस जण पाठ करतील.

श्रीकांत

बऱ्हाणपूर, ९ मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

नक्कल झाली खरी, पण वर्षभर आणि माझ्या परवानगीने. नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आमच्या प्रांतातून गेले आणि आम्ही हिंदी प्रांतात राहिलो. तुमचे मराठी पुस्तक दुकानांत यायचे थांबले, आणि हिंदी पुस्तक अजून लेखकाच्या मनात आहे. म्हणून मीच धडे लिहून सायक्लोस्टाइल केले. पहिल्या पानावर छापले: 'कोणीही उतरवून घ्यावे, इतरांना द्यावे, चूक दिसल्यास खोडून दुरुस्त करावी.' मुलांनी शिक्षकाचे ऐकले. हा धोका मी गृहीत धरला नव्हता.

'केळीला उभे खोड असते' हा परिच्छेद मी धाकट्या भावाला शोभेल अशा श्रद्धेने तुमच्या पुस्तकातून घेतला होता. माझ्या वर्गातल्या, जैनाबादच्या मंगलाने तो खोडला आणि लिहिले, हा खांब म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे तळ. खरे खोड जमिनीतला कंद. मी त्यांच्या केळीच्या बागेत गेलो. तिच्या वडिलांनी, कौतिकभाऊंनी, एक केळ तोडून शेवटच्या पदरापर्यंत सोलून दाखवली आणि नागपुरात केळी सोलूनच येतात का, असे अगदी आदराने विचारले.

शेवटची ओळ तिची गंमत. ती मी वाचली आणि हसलो, एवढा दोष माझा. पुढे प्रत देडतलाईपर्यंत गेली आणि सर्वांनी ओळही अभ्यासक्रमात धरली.

पुढच्या वर्षी परीक्षा नव्या विद्यापीठाची, हिंदीतून, नव्या अभ्यासक्रमाची. निकाल अडकला तर ही पोरे पुन्हा श्रीगणेशा करणार. हवे तर मला शिव्या द्या, पण तक्रार मागे घ्या.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्याची घाई नाही.

वसंत

नागपूर, १५ मे

चि. वसंतास आशीर्वाद.

मी 'आभासी खोड' असेच लिहिले होते. 'आभासी' कंपोझिटरने खाल्ले. कौतिकभाऊंना सांग, नागपुरात सालासकट केळी मिळतात.

तक्रार मागे घ्यायची तर कारण लिहून द्यावे लागेल. वीस वर्षे ज्यांना शिकवले, ते आता विद्यापीठाच्या सभेत बसतात. त्यांच्यापुढे मी काय वाचू, मंगलाबाईंचे हस्ताक्षर?

श्रीकांत

बऱ्हाणपूर, २० मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

कंपोझिटरची भूक समजली. पण चार आवृत्त्या तोच घास? आणि 'आभासी' त्याने खाल्ले असेल, शून्य मात्र आपल्या हातचे आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

वसंत

नागपूर, १ जून

चि. वसंतास आशीर्वाद.

काल सभेत लेखी निवेदन दिले. एकोणीस विद्यार्थ्यांनी नक्कल केलेली नाही. नक्कल मी केली होती, इंग्रजी पुस्तकातून, एक शब्द गाळून. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने ते दोनदा वाचायला लावले. त्याला ऐकू कमी येते म्हणे. वर्गात तर बरे येत असे.

निकाल सुटतील. पाचव्या आवृत्तीसाठी मंगलाचा परिच्छेद पाठव, तिच्या नावासकट.

लोभ असावा, हे आज थोरला लिहितो आहे.

श्रीकांत

ता. क. सर्वांना दहापैकी नऊ दिले. एक गुण शेवटच्या ओळीचा कापला. ती खरी असली, तरी प्रश्नात विचारलेली नव्हती.