देवाला दिलेला भोपळा

आई, यंदा सुगीच्या सणाला मी मॉलमधून आणलेला भोपळा नेला आणि त्याच्यावरचा स्टिकर काढायला विसरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पोटभर हसून घेशील आणि मग बाकीचं नीट ऐकशील. तुझ्या वेळी चाळीच्या मागच्या पत्र्यावर वेल चढलेला असायचा. भोपळा धरला की पप्पा त्याला जुन्या बनियनची झोळी बांधायचे आणि कंपनीतून आले की बूट काढायच्या आधी त्याला बघून यायचे. ती चाळ गेली. आम्ही अजून मुलुंडलाच आहोत, पण सातव्या मजल्यावर. खिडकीत कढीपत्ता कसाबसा जगतो, तिथे भोपळा कुठून धरणार? पण पहिलं पीक देवाला नेऊन ठेवायचं, ही चाल तू नगरकडून येताना बरोबर आणलीस, ती मोडायचा धीर मला होत नाही. तर उपासना झाल्यावर चर्चच्या अंगणात अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला आणि लिलाव पुकारणाऱ्या भाऊंनी भोपळा डोक्यावर उचलून सगळ्या मंडळीला फिरवून दाखवला. हे भाऊ दिंडोशीच्या कोर्टात पुकारा करायचे. स्वतः रिटायर झाले, आवाज मात्र झालेला नाही. "बघा बघा! देवाच्या मळ्यातून थेट, बारकोडसकट!" मंडळी खो खो हसली, आणि मला एकदम तुझा भोपळा आठवला.

तुला तो दिवस आठवत नसेल असं होणारच नाही. तेव्हा अंगणात एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि मधे अर्पणाचा ढीग. त्या वर्षी कुणीतरी उसाच्या मोळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या, त्यामुळे इकडचं तिकडे काही दिसत नव्हतं. आपला भोपळा लिलावात येतो. तो मातीमोल जाऊ नये म्हणून तू हात वर करतेस. उसापलीकडे पप्पाही त्याच काळजीने हात वर करतात. पुकारणारा नुसता ओरडत राहतो, "बायकांकडून वाढले! पुरुषांकडून वाढले!" मी बाकावर चढलेली, मला दोघंही दिसतायत. मी तुझा पदर ओढून सांगतेय, "आई, अगं ते पप्पा आहेत," पण तू ऐकशील तर ना! "असतील कोणी मोठे साहेब, मी काय भिते काय," असं म्हणून तू आणखी वाढवतेस. शेवटी तू जिंकलीस. पप्पा ऊस बाजूला सारत आले, "कुठल्या येडीनं घेतला बघू तरी," म्हणाले, आणि समोर तू. पाळकसाहेबांना आशीर्वाद द्यायचा होता, पण हसू आवरेना म्हणून त्यांनी गीत सुरू केलं.

त्या संध्याकाळी तू घारगे करायला बसलीस. किसलेला भोपळा, गूळ, कणीक, आणि मधेच तुला आठवण व्हायची, की कणकेचे हात तसेच हवेत धरून तू भिंतीला टेकून हसत राहायचीस. पप्पा दारात बसून आधी तोंड पाडून होते, मग तेही हसायला लागले. मग रोज भोपळा. भाजी, भरीत, थालीपीठ, पुन्हा भाजी. एका दिवशी मी ताट सरकवलं. तू असं बघितलंस माझ्याकडे. "काय गं, तोंड वाकडं करतेस? आपण देवाला दिला आणि देवानं आपल्याच ताटात वाढला. गुमान खा." मी गुमान खाल्ला. आजही भोपळ्याची भाजी उरलेली मला बघवत नाही.

लिलावाचे पैसे मिशनच्या कामाला जायचे आणि मिशनचं काम म्हणजे मला लहानपणी तुझी फणी वाटायची. शनिवारी स्त्री-मंडळाच्या बायका सरकारी दवाखान्यात सुवार्ता सांगायला जायच्या. त्यांच्या पिशवीत पुस्तिका, तुझ्या पिशवीत फणी आणि खोबरेल तेलाची बाटली. महिना महिना खाटेवर पडून केसांच्या जटा झालेल्या बायका, कुणी कोकणातल्या, कुणी पार उत्तरेकडच्या. तू उशाशी बसायचीस आणि गुंता काढायला लागायचीस. मंडळाच्या चिटणीस बाईंनी एकदा सगळ्यांसमोर तुला विचारलं, की एवढ्या दिवसांत तुम्ही प्रभूविषयी किती जणींशी बोललात. तू म्हणालीस, "बाई, आधी गुंता काढते, मग बोलीन म्हणते. गुंता सुटला की ती बया झोपून जाते. मी काय करू?" तेव्हा मला तुझी लाज वाटली होती. आता ते वाक्य आठवलं की तुला मिठी मारावीशी वाटते.

आणि आई, आता खरं गाऱ्हाणं. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी तिला तुझ्या हातात दिलं आणि तू, कुणी विचारलं नसताना, वेदीकडे बघून मोठ्याने म्हणालीस, "प्रभू, हिला तुझ्या कामाला घे." मी चांगलीच चिडले होते. पोरीचं नाव ठेवून पाच मिनिटं झाली नव्हती, तर ही तिला वाटून मोकळी! तू पुढच्याच वर्षी गेलीस. पोरीला तुझा चेहरा फोटोतला तेवढाच ठाऊक. पण ती नर्स झाली, इथल्याच मोठ्या खाजगी दवाखान्यात लागली, आणि तीन महिन्यांपूर्वी जेवता जेवता म्हणाली, "मम्मी, मी सातपुड्यात चालले. मिशनचा दवाखाना आहे. त्यांना नर्स मिळत नाहीये." मी काय काय नाही म्हटलं! तिथे रेंज नाही, रात्री-बेरात्री कोण सोबत, लग्नाचं काय, इथे काय माणसं आजारी पडत नाहीत का. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी अमेरिकेला चालले म्हटलं असतं, तर तू पेढे वाटले असतेस ना?" बरोबर बोलली, म्हणून मला जास्तच राग आला.

तिला पाठवण्याची प्रार्थना सणाच्याच दिवशी ठरली. आईवडलांनी लेकराच्या मागे उभं राहून डोक्यावर हात ठेवायचा, ही आपली रीत. मी तिला सांगून टाकलं, "पप्पा उभे राहतील. माझ्याच्याने नाही होणार." ती "ठीक आहे" म्हणाली आणि दोन दिवस घरात पाहुण्यासारखी गोड बोलत राहिली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

तर भोपळा. भाऊंनी बोली मागितली आणि पहिला हात वर गेला तो माझ्या लेकीचा. ती मैत्रिणींबरोबर समोर उभी होती. तिचे पैसे तिला तिकडे लागतील, उगाच कशाला घालवते, म्हणून मी हात वर केला. तिने माझ्याकडे बघून वाढवले. मी वाढवले. निदान मला असं वाटत होतं, की मी पैशांचा विचार करतेय. ती हसत होती आणि मी काही हसत नव्हते. आमच्यानंतर हॉलमध्ये तमिळ मंडळीची उपासना असते. ती माणसं लवकर येऊन फाटकाशी उभी होती, त्यांनाही मजा वाटायला लागली. त्यांच्यातले एक अण्णा म्हणाले, "हमारा भी लगाव!" हे माझी बाही ओढत होते, "अगं, काय करतेस? आपलीच पोरगी आहे ती!" भाऊ दोन्हीकडे मान वळवून थकले. तेवढ्यात मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या मावशी ओरडल्या. तुझ्या मंडळातल्या बायकांपैकी आता त्या एकट्याच उरल्यात, आणि अर्धं आयुष्य त्यांना ऐकू येत नाही म्हणून आपण ओरडून बोलतो, तर त्याच माझ्याकडे बघून ओरडल्या, "पोरी, आईवर गेलीस गं! देवाला दिलेला भोपळा परत घेतेस काय?"

त्या भोपळ्याबद्दलच बोलत होत्या. पण आई, माझा हात तसाच वर राहिला आणि मी पोरीकडे बघितलं. बोटं पसरून हात अगदी तुझ्यासारखा वर, आणि चेहऱ्यावर सगळा आनंद. तुम्हा दोघांच्या मधे ऊस होता, तुम्हाला काय दिसणार? माझ्या समोर काहीच नव्हतं. मी हात खाली घेतला. "एक वार, दोन वार, तीन वार!" भाऊंनी भोपळा पोरीच्या हातात दिला. तिने तो लगेच कुणाकडे तरी दिला, धावत आली आणि मला ओढत पुढे घेऊन गेली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. धावपळीत तिने केस धड विंचरले नव्हते. एवढी छान प्रार्थना झाली म्हणे, मला विचारशील तर एक शब्द सांगता येणार नाही. माझी बोटं सगळा वेळ तिच्या भांगाजवळचा गुंता काढत होती.

घरी आल्यावर आम्ही दोघींनी भोपळा चिरला. तिने किसला, मी कणीक मळली. घारगे डबाभर झाले, आणि ती ते घेऊन परवा गेली. तिथे रेंज खरंच नाही. टेकडीवर चढून फोन केला, धापा टाकत होती. डबा पहिल्याच दिवशी दवाखान्यात वाटून संपला म्हणाली. मी किती खूश झाले हे तिला कळू दिलं नाही, तुला सांगतेय.

एक मात्र आहे. देवाला देताना थोडं मागे ठेवलं म्हणून जागीच मेलेल्या नवराबायकोची गोष्ट सांगून तू आम्हाला किती घाबरवायचीस. तरीही मी बिया ठेवून घेतल्या आहेत. पोरीला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. सातव्या मजल्यावर वेल धरेल न धरेल. त्या अजून ओल्या आहेत, आणि त्यांच्याखाली घालायला घरात दुसरा मोठा कागद दिसत नाही, म्हणून आता तुला लिहिलेला हाच अंथरते.