अठ्ठेचाळीस सुरमया

७ जुलै २०१९, रविवार

"सुहासिनी, मासा समुद्रात कुठेही असू दे, आपल्यासाठी तो वहीत असतो तिथेच असतो." मी मत्स्य-संशोधन संस्थेत लागले त्या आठवड्यात आमचे प्रमुख, श्यामसुंदर सर, म्हणाले होते. एकवीस वर्षं झाली. तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवलं होतं मी.

आज आठवलं ते सोजरबाईमुळे. वारज्याच्या पुलाजवळ ती मासे घेऊन बसते. सुरमई मागितली, आणि उगाच विचारलं, कोकणातली आहे ना?

"ताई, तुम्ही माशांच्या हापिसात हाय न्हवं? आन् एवढं ठावं न्हाई? जुलैत कोकणातली सुरमई! पावसाळ्याची बंदी हाय. बोटी वर वढून ठिवल्यात. ही पार विशाखापट्टणची. ट्रकानं येती, बर्फात."

"आणि मालवणच्या बाजारात?"

"तिथं बी हीच. तिथल्या लोकांनी काय दोन म्हयने उपास करायचा?"

अर्धा किलो घेतली. तळली नाही. फ्रिजमध्ये तशीच आहे.

८ जुलै

अकरा वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. 'मालवण, १९ जुलै २००८. सुरमई, नग ४८.' गोळा करणाऱ्याची सही माझी.

९ जुलै

नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यात गोंधळ राहणार नाही.

त्या वर्षी आम्ही मालवण आणि विशाखापट्टण इथल्या सुरमयांचा डीएनए ताडून पाहिला. फरक सापडला नाही. निबंध छापला: दोन्ही किनाऱ्यांची सुरमई एकच, आपसांत मिसळणारी. सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं.

हेमा माझ्या हाताखाली पाच वर्षं प्रबंध करते आहे. गेल्या डिसेंबरात ती स्वतः मालवणच्या बोटीवर गेली, दोन दिवस उलट्या करत, आणि साठ सुरमयांच्या शेपटीचे तुकडे घेऊन आली. आता डीएनएच्या हजारो जागा एकदम वाचता येतात, आमच्या वेळी एक वाचायचो. तिच्या सुरमया विशाखापट्टणच्यांपेक्षा वेगळ्या निघाल्या. अगदी स्पष्ट. मग तिने डीप फ्रीझरमधले माझे अठ्ठेचाळीस तुकडे तसेच वाचले. ते विशाखापट्टणसारखे. हुबेहूब!

तिने अर्थ लावला, तो कुणीही लावला असता. दहा वर्षांत मालवणची सुरमई बदलली. पहिली संपली, दुसरी आली. मीच तिची पाठ थोपटली. प्रबंधातल्या त्या तिसऱ्या प्रकरणावर तिला नॉर्वेत संशोधनाची जागा मिळाली आहे. प्रबंध द्यायची तारीख ५ ऑगस्ट.

आणि काही बदललेलंच नसेल तर? नुसता एक ट्रक आला असेल तर?

१० जुलै

संपतकडे गेले. आमच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होता, आता निवृत्त. २००८ साली मालवणला मी जाणार होते. आईचं खुब्याचं हाड मोडलं, सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात तिच्या उशाशी महिनाभर बसले. प्रकल्पाची मुदत संपत होती म्हणून संपतला पाठवलं. तो परत आल्यावर वहीत सही मी केली. तशी पद्धतच होती.

त्याला सगळं आठवत होतं. फार खुशीत सांगत होता.

"बाई, तुम्ही म्हणालात ताजे आणा. मी बाजारात बसलोच नाही. पहाटे बर्फाची गाडी आली ना, तिथंच उभा राहिलो. पेट्या फोडायच्या आधी! गाडीवरनं उतरली ती पेटी थेट आपली. बाजाराचा हातसुद्धा लागू दिला नाही."

"छान केलंत," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? त्याने सांगितलं ते चोख केलं. चहा झाला. निघताना म्हणाला, "तुमच्या निबंधात माझं नाव नव्हतं, पण घरात सगळ्यांना सांगितलंय मी, मासे माझे हायत."

१३ जुलै, शनिवार

सरांकडे. अठ्ठ्याहत्तर झाले, कान गेलेत, जीभ शाबूत. जन्मभर माशांवर काम केलं आणि एकदाही खाल्ला नाही. मंडईपलीकडे कधी बाजारही पाहिला नाही.

"बंदी असली तरी छोट्या होड्या जातात की! वल्ह्याच्या. त्यांना बंदी नाही."

"सर, त्या पावसाळ्यात खाडीबाहेर पडत नाहीत. एका दिवसात अठ्ठेचाळीस सुरमया कुठून आणतील?"

"ते मला काय विचारता? मी समुद्र एकदा पाहिलाय, अलिबागला. ओला होता."

थोड्या वेळाने म्हणाले, "हा मुद्दा तेव्हाच कुणीतरी काढला होता. आपण उत्तर दिलं होतं. आता उकरून काय मिळणार? त्या मुलीला जाऊ द्या नॉर्वेला."

खरं तर माझ्या मनातलंच बोलले. म्हणून राग आला.

१५ जुलै

आज सांगणार होते. हेमाने पेढे आणले— व्हिसा आला. दोन खाल्ले.

१६ जुलै

सांगितलं. सगळं: सोजरबाई, संपत, पेटी.

हेमाने स्क्रीनवर तिसऱ्या प्रकरणाची फाइल उघडली. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम, माझं तिसरं प्रकरण म्हणजे एका ट्रकचा प्रवास."

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

"विशाखापट्टण ते मालवण. चांगला हजारभर किलोमीटर असेल. त्याच्यावर पीएचडी देतात का बघू या."

हसली, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. माझ्या हाताला आज तो अधिकार नव्हता.

१७ जुलै

हेमा आली नाही. फोन नाही.

१८ जुलै

आली. सकाळी आठलाच. "तिसरं प्रकरण काढलं. उरलं ते पुरतंय. दोन किनाऱ्यांच्या सुरमया वेगळ्या आहेत, एवढं तरी खरं आहे ना? माझे साठ मासे माझ्यासमोर पाण्यातून आलेत." वय एकतीस. मला त्या वयात हे जमलं नसतं.

२४ जुलै

नॉर्वेहून उत्तर. ती जागा त्या प्रकरणासाठी होती. नवा अर्ज करावा, स्वागत आहे, वगैरे. हेमाने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "फार सभ्य लोक आहेत. नाही म्हणतात तेही थँक्यू म्हणून."

मी तिच्यासाठी दोन ठिकाणी पत्रं लिहिली. तिला सांगितलं नाही.

३० जुलै

प्रबंधाची शेवटची प्रत वाचली. चांगली झाली आहे. जुन्या नमुन्यांविषयी तिने एकच वाक्य ठेवलंय: 'नमुने आणणाऱ्या सहायकाच्या अनवधानाने त्यांचे ठिकाण चुकीचे नोंदले गेले.'

"संपतकाकांचं नाव नाही घातलं," ती म्हणाली. "आणि तुमच्यावर काही येऊ द्यायचं नाहीये मला. तुम्ही कुठे होतात तेव्हा? दवाखान्यात."

वाक्य वाईट नाही, असं मनात म्हटलं. पान उलटलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

सरांनी जुनी फाइल पाठवली, सोबत चिठ्ठी: 'बघा, उत्तर दिलं होतं.' खरंच दिलं होतं. निबंध छापण्याआधी तपासणाऱ्याने तेव्हाच विचारलंय: या महिन्यात तिथे मासेमारी बंद असते ना? खाली उत्तराचा मसुदा. अक्षर माझं. मासे वल्ह्याच्या दोन होड्यांनी पकडले, असं लिहिलंय. होड्यांची नावंही दिली आहेत मी— होड्यांची नावं! त्यातलं एक 'आनंदी'. आनंदी हे आईचं नाव.

विसरले होते? नीट नाही सांगता येत.

हेमाला आत्ता लिहिलं: फाइलमधलं पान सोबत पाठवते आहे. छपाई उद्या असेल तर थांबव. 'सहायकाच्या' काढ, 'अनवधानाने' काढ. माझं पूर्ण नाव घाल, आणि लिही की मला विचारलं होतं आणि मी खोटं उत्तर दिलं. ती म्हणेल, नाही मॅडम.