पाटीवर पिंजारी

४ जानेवारी

शिक्षकाच्या घराण्यात जन्म! कोणाचा? माझ्या दादांचा!

चामोर्शीच्या वाचनालयात मुलांच्या खोलीले आजोबांचं, अयूब दादांचं, नाव देऊन राह्यले. ह्या भागात पोट्ट्यांसाठी गोष्टी लिवणाऱ्या पहिल्या लोकांतले ते. सचिव रामाजी भाऊंनी पाटीचा मजकूर दाखवला. खुशीत मी वाचू लागली, अन् ह्या पहिल्याच ओळीत अडकली. आम्ही पिंजारी! दादा गावोगाव फिरून कापूस पिंजत, गाद्या-रजया भरत. अब्बानं तेच केलं, अन् माझं गादीचं दुकान आजही चालू आहे.

"कोणी सांगतलं तुम्हाले?"

"तुमच्याच भावानं जी."

शहबाज! सख्खा भाऊ!

५ जानेवारी

शहबाजशी फोनवर भांडली. "आपा, माझ्या नबीलचं लग्न जमून राह्यलं. बल्लारपूरचे लोक शिकलेले आहेत. पिंजारी लिवून काय भेटते?" मी म्हटलं, कापूस पिंजायच्या ज्या धनुकलीच्या कमाईवर तुले शिकवलं, तिचीच लाज? ठेवला फोन त्यानं.

रामाजी भाऊ म्हणतात, बहीण-भाऊ एक बोला, मग पेंटर कोलूले लिवाले सांगतो. नाईतर ती ओळच गाळतो. कार्यक्रम २६ तारखेले.

गाळतो म्हणे! पाहतेच मी.

९ जानेवारी

शहबाज फोन उचलत नाई. गाढव!

१२ जानेवारी

रामाजी भाऊ दुकानात आले. "दादा पिंजता पिंजता गोष्टी सांगत असतील ना?" पोट धरून हसली मी. अहो, पिंजाऱ्याचं तोंड बांधलेलं असते! कापसाचा भुरका नाकातोंडात जाते. लहानपणी दादांच्या डोक्यामागं फडक्याची गाठ मीच मारत होती. धनुकली वाजली — टँव, टँव — की पोट्टे गोळा. कापूस उडताना पाहत बसत, अन् बडबडत ते पोट्टेच. दादा नुसती मान हलवत. लिवत ते घरी आल्यावर. गोष्टी आपल्या डोक्यातून काढतात, असंच आम्ही समजत होतो.

असा माणूस हातात खडू देऊन उभा करायचा? माझ्या जित्तेपणी नाई!

१९ जानेवारी

जिंकली!!

शहबाज दारात, तोंड पडलेलं. नबीलनं होणाऱ्या सासऱ्याले आपणच सांगून टाकलं — पिंजाऱ्याचा पणतू आहो म्हणून.

"मग?"

"मग काय! त्यायची पोरगी, मदीहा, उड्याच मारू लागली. कोल्हा मोहफुलं खाऊन झिंगते ती दादांची गोष्ट तिले पाठ आहे. म्हणते, धनुकली पाहाले येतो."

"अन् तू काऊन रडतं?"

"अब्बाच्या केसांत कापूस दिसला की शाळेत पोट्टे मले चिडवत, आपा."

"मलेही चिडवत. मी हाणत होती."

तेव्हा कुठं हसला. पोटभर जेवू घातलं. मग दोघांनी मिळून रामाजी भाऊले फोन केला.

२६ जानेवारी

"पिंजारी घराण्यात जन्म." कोलूनं अक्षरं अशी ठसठशीत काढली की रस्त्यावरून वाचता येते! शहबाजनं माझ्या तोंडाले फडकं बांधलं — त्यानं, सगळ्यांसमोर! — अन् मी स्टेजवर धनुकली वाजवली. साठीची बाई मी! कापूस उडाला, पोट्टे किंचाळले, पाहुण्यांच्या कोटावर सारा भुरका. मदीहा सगळ्यात पुढं, टाळ्या वाजवत. दादा, पाहिलं काय? असा दिवस जन्मात पाह्यला नाई.

३० जानेवारी

पेपरातला फोटो पाहून कुरखेड्याकडून रुखमाबाई आली. ऐंशीच्या पुढची, नातवाच्या गाडीवर. धनुकलीवर हात फिरवला. म्हणे, "हा धनुकलीवाला मामा आमच्या आंगणात येत होता. तोंड बांधून. बोले नाई. मंग आमीच त्याले गोष्टी सांगो. कोल्ह्याची मी सांगतली होती. दुसऱ्या वर्षी आला तं म्हणे, फिरून सांग."

मी दादांचं पुस्तक काढलं. कोल्ह्याची गोष्ट वाचू लागली. पुढची ओळ बाई माझ्याआधी म्हणे! शेवटपर्यंत. मग तोंडावर पदर घेऊन हसली — "माय वं, मामा आयकत होता!"

कोलूले फोन लावला. रंग घेऊन ये, पाटीवर अजून नावं लिवायची आहेत, दादांले गोष्टी सांगणाऱ्यायची.

"बाई, जागा नाई."

मग पाटी मोठी कर!