अठ्ठावीस बोर

बाबा, काल माळा आवरायला घेतला आणि माझ्या जुन्या ऑफिसच्या फायलीत तुझ्या बंदुकीच्या परवान्याच्या झेरॉक्स सापडल्या. कागद पिवळे पडलेत, पण अक्षर स्वच्छ वाचता येतं. फॉर्मवरचं अक्षर माझं, खाली सही तुझी. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे सांगून कुणाचं काय भलं होणार आहे, असं रात्रभर स्वतःला समजावत होते. पण नाही, सांगितलंच पाहिजे. तुझी बंदूक सरकारने नवा कायदा करून नेली, असं तू शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलास. ती सरकारने नेली नाही. ती मी घालवली.

आधी तुझ्या बंदुकीबद्दल बोलते, कारण ते बोलायला मला अजून आवडतं. मिठागरावर राखणीला होतास तेव्हा तिथल्या शेठने स्वतःच्या म्हातारपणी ती तुझ्या नावावर करून दिली होती. एकनळी, बारीक, अठ्ठावीस बोरची. गावात आणखी दोघांकडे बंदुका होत्या, दोन्ही बारा बोरच्या, आणि ते तुला हसायचे. "पोरीची बंदूक हाय तुझी," म्हणायचे. मी शाळेत गणितात पहिली येणारी, मी तुला विचारलं होतं, बाबा, अठ्ठावीस मोठे की बारा? मग त्यांची बंदूक मोठी कशी? तू उठून सरळ चुलीपाशी गेलास. आई परातीत भाकरीचं पीठ मळत होती. त्यातले दोन सारखे गोळे तू उचललेस. एकाच्या बारा गोळ्या वळल्यास, दुसऱ्याच्या अठ्ठावीस, आणि पाटावर समोरासमोर मांडल्यास. "एक पौंड शिसं घ्यायचं. त्याच्या बारा गोल्या केल्या त एकेक केवरी झाली बग. अठ्ठावीस केल्या त केवरी? जेवरी गोली तेवरी नली." आई लाटण्यासारखं काहीतरी शोधत होती तुला मारायला. "खायच्या पिठात बंदुका कसल्या करतंस? ठेव ते परातीत!" त्या दिवशी आपण शिशाच्या हिशोबाच्या भाकऱ्या खाल्ल्या.

तू मात्र तेवढ्यावर थांबला नाहीस. जेवताना म्हणालास, "पाखरू मारायचं त पाखरायेवरी बंदूक धरावी, गो बाय." तेव्हा ते मला नुसतं बोलणं वाटलं. त्याचा अर्थ कळला तो शेठचा मुंबईचा पाहुणा आला तेव्हा. तेव्हा हिवाळ्यात परवानगी काढून पाणलावे, ती चिखलातली लांब चोचीची पाखरं, मारता यायची. भात कापून झालेलं, खाचरांत घोट्याएवढं पाणी, आणि बांधावर मी तुम्हा दोघांची पिशवी धरून उभी. पाणलावा पायाशी येईपर्यंत दिसत नाही, आणि उठला की नागमोडी उडतो. पाहुण्याने चकचकीत बारा बोर उचलली आणि जवळूनच उडवली. सगळी खाडी दणाणली. तू चिखलात जाऊन जे राहिलं होतं ते उचललंस आणि त्याच्या हातावर ठेवलंस. "साहेब, ह्याचं काय खानार? पिसं?" शेठचा पाहुणा तो, पण तुझ्या तोंडाला कुलूप कधी होतं! मग तू दाखवलंस. एक पाखरू उठलं, तू घाई केली नाहीस, त्याला दोन वळणं घेऊ दिलीस, आणि तुझी बंदूक नुसती "टप्प" म्हणाली. पाखरू आख्खं पडलं, झोपल्यासारखं. "छर्रे कमी असले का मानूस नीट बगतो," तू म्हणालास. "मोठी बंदूक हातात आली का डोलं आलशी होतात." चुकला तर दुसरा बार नाही, म्हणून तू चुकत नव्हतास. दिवसभर कोपरावर घेऊन फिरलास तरी हात दुखायचा नाही, आणि टप्प झालं तरी पलीकडच्या खाचरातले बगळे उठायचे नाहीत. तुझं त्या बंदुकीवर प्रेम होतं आणि ते मला कळत होतं. हे कळत होतं म्हणूनच पुढचं लिहिते आहे.

मग नव्वदीचं दशक आलं. जमिनी तर नव्या शहरासाठी सरकारकडे आधीच गेल्या होत्या, आता आपल्या खाचरांवर भराव पडला, सेक्टर आले, ऐरोलीच्या बाजूने बिल्डिंगा सरकत सरकत आपल्या वेशीपर्यंत आल्या. शिकारीवर पूर्ण बंदी आली. मला बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली. आणि तू? तू थंडी पडली की सकाळी अर्धी चड्डी चढवून, कोपरावर बंदूक टाकून, बिल्डिंगांच्या मधून खाडीकडे निघायचास. जित्याची खोड! मी भांडायचे. "बाबा, बंदी आहे, आत टाकतील." तू म्हणायचास, "खाली हातानं खारीवर कोन जातं?" पलीकडच्या गावातल्या एकाला बदकांसकट धरलं, त्याचं नाव पेपरात आलं, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. तुझ्यासाठी जीव तुटत होता, हे खोटं नाही बाबा. पण ते सगळं खरंही नाही.

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा नेहमीसारखा तू फॉर्म माझ्यापुढे ठेवलास. तुला सही येत होती, वाचता येत नव्हतं, म्हणून घरातला प्रत्येक कागद माझ्या हातून जायचा. फॉर्मात एक रकाना होता, हत्यार कशासाठी हवं. दर वेळी आपण तिथे "शेतीचे रक्षण" लिहायचो. तू म्हणालास, "लिव, शेती राखायला." मी म्हटलं, "शेत कुठंय?" तू खिडकीतून बाहेर बघितलंस. समोर चार मजल्यांवर कपडे वाळत होते. तू एवढंच म्हणालास, "लिव गो. शेत नाय त नाय, राखनदार त हाय."

आणि मी लिहिलं. "जमीन संपादित झाली असून अर्जदाराकडे सध्या शेती नाही." सुवाच्य अक्षरात, एकही चूक नाही. तुला विचारलं नाही, वाचून दाखवलं नाही. तू चष्मा लावलास, जणू वाचतोच आहेस, आणि माझं बोट होतं तिथे सही केलीस. खोटं तर काहीच लिहिलं नव्हतं मी. सरकारी नोकर ना मी, खोटं कशी लिहीन! एवढं शुद्ध खरं मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या फॉर्मात लिहिलेलं नाही.

परवाना नामंजूर झाला. बंदूक जमा करायला आपण दोघं पोलीस ठाण्यात गेलो. आदल्या दिवशी तू नळी तेल लावून पुसलीस, आईच्या जुन्या लुगड्यात बांधलीस. हवालदाराने विचारलं, "काका, काडतुसं?" तू पिशवीतून डबी काढलीस. तुझी काडतुसं ठाणे शहरात मिळायची नाहीत, मुंबईहून आणावी लागायची, आणि दुकानदार किती घेतली ते परवान्याच्या पुस्तकात लिहून शिक्का मारायचा. हवालदाराने पुस्तक उघडलं, डबीतली काडतुसं मोजली. दहा घेतलेली, बंदी येण्याआधीच्या हिवाळ्यात. दहाच्या दहा डबीत. "अहो काका, इतक्या वर्षांत एकही वापरलं नाही?" तू त्याच्याकडे असं बघितलंस जसा तो येडाच आहे. "बंदी हाय ना, साहेब."

मी तिथेच "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. बाहेर आल्यावर तुला म्हटलं, बाबा, मला सांगायचंस तरी, रिकामी बंदूक घेऊन फिरत होतास ते! तू हसलास. म्हणालास, पाखरू उठलं की बंदूक खांद्याला लावायची, त्याला दोन वळणं घेऊ द्यायची, आणि तोंडाने टप्प म्हणायचं. "तेवऱ्यात भागतं आता." नंतर तीन-चार सकाळी तू मोकळ्या हाताने खाडीवर गेलास. मग जाणं सोडलंस. ओट्यावर बसायचास, डावा हात कोपरात वाकवून, काहीतरी धरल्यासारखा. कुणी विचारलं की सांगायचास, कायदा आला, नेली. एकदा माझ्याकडे बघून म्हणालास, "बाय शिकलेली हाय म्हनून बरं, नायतर दंड बी झाला असता." मी आत जाऊन चहा टाकला.

हा कागद मी घडी घालून त्याच झेरॉक्समध्ये ठेवणार आहे आणि फाईल परत माळ्यावर टाकणार आहे. त्याआधी राहिलेलं सांगते. फॉर्म भरायच्या आठवड्यात ऑफिसातली एक बाई, आपल्या समोरच्या सोसायटीत राहणारी, डबा खाताना म्हणाली, "तुमच्या गावातला एक चिखलाने बरबटलेला म्हातारा बंदूक घेऊन बिल्डिंगखालून जातो. काय टेन्शन गं! कोण आहे तो?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "असेल कोणीतरी. मी ओळखत नाही." घरी आले आणि फॉर्म भरला.

आणि अर्जाला जोडायला परवान्याच्या पुस्तकाच्या झेरॉक्स मीच काढल्या होत्या, बाबा, फॉर्म भरायच्या आधीच. एकेक पान उलटून. काडतुसांचं पानही. ते वाचून मी घरी येऊन तुझी डबी उघडली होती. दहा होती. पोलीस ठाण्यात मी तोंडावर हात ठेवला ते नाटक होतं.