वाचून दाखवलेला कागद

हवल्ली, कुवेत
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

नूरीआपास महबूबचा सलाम.

अल्लाहच्या कृपेने माझी तब्येत बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? पाठवलेलं तेल लावतेस ना? फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं तोंड बंद होतं, म्हणून लिहितो आहे. हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस. हळूहळू का होईना, स्वतः वाच.

मंगळवारी सकाळी फजरची नमाज झाल्यावर मी शाळेच्या व्हॅनच्या काचा पुसल्या आणि आधी उर्वीला घेतलं. पुण्याच्या देवेंद्रसाहेबांची मुलगी, आठवीत आहे. इतिहासाचा पेपर होता, मागे बसून मोठ्याने पाठ करत होती.

"अंकल, ऐका ना. जर्मनीतल्या राजांनी आपले सोल्जर्स इंग्लंडच्या राजाला भाड्याने दिले. अमेरिकेत लढायला. तुमच्या व्हॅनसारखे!"

"त्यांचं अमेरिकेशी भांडण काय होतं?"

"काहीच नाही. बरेच तर फार्मर्सची मुलं होती."

"मग त्यांना कागद कुणी वाचून दाखवला नाही?"

ती हसली. "अंकल, हे सिलॅबसमध्ये नाही!"

रुमैथियाच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी माझ्याने गाडी पुढे नेववली नाही. मागून हॉर्न वाजत राहिले.

आपा, तू मला तीनदा विचारलंस, सर्फराजने सही केली तेव्हा तू कुठे होतास? मी म्हणालो, ड्युटीवर. मी ड्युटीवर नव्हतो. सुलैबियात त्याच्या खोलीवर, त्याच्या शेजारी बसलो होतो.

एजंट म्हणत होता, दुसऱ्या देशात ट्रक चालवायचा. करार अरबीत होता. तुझा लेक खोलीतल्या सगळ्यांना म्हणाला, "माझा मामू वाचेल. रमजानला मामूचं कुराण ऐकायला बायका खिडकीशी बसतात." मी वाचला. कुठे अडखळलो नाही. तुला ठाऊक आहे, मौलवींनी आपल्याला अक्षरं दिली, सूर दिला. अर्थ दिला नाही. वीस वर्षांत मला इथली दुकानातली अरबी आली, कागदावरची नाही. सगळे माना डोलावत होते. मला समजत नाही, एवढंच म्हणायचं होतं. माझ्याने म्हणवलं नाही.

तिसऱ्या पानावर माझं बोट थांबलं. एक शब्द कळला. किताल. कुराणाच्या मराठी तर्जुम्यात वाचला होता. लढाई.

"काय झालं, मामू?"

"काही नाही. बिस्मिल्लाह म्हण आणि कर सही."

त्याने केली. म्हणाला, "परत आलो की तुम्हाला ट्रकमधून फिरवीन. मागे बसायचं हां, पुढे बायको!"

गेल्या महिन्यात त्याचा सोबती कमाल एक पाय गमावून परत आला. पोचल्या दिवशीच सगळ्यांच्या हातात बंदुका दिल्या, म्हणाला. परक्यांचं युद्ध, कुणाशी लढतोय तेही धड माहीत नाही. आपा, पुढचं वाक्य मी चार वेळा खोडलं. सर्फराज ऑगस्टमध्येच गेला. कमालने आणि आणखी दोघांनी त्याला तिथेच दफन केलं. किब्ल्याची, मक्केकडची दिशा सूर्यावरून धरली.

तू दर जुम्याला फोनवर त्याच्या सलामतीची दुआ मागतेस आणि मला आमीन म्हणायला लावतेस. हे ठाऊक असूनही मी महिनाभर आमीन म्हणत राहिलो. आता सलामती नको, आपा. त्याच्यासाठी मगफिरत माग, अल्लाहने त्याला माफ करावं म्हणून.

आज जुम्यानंतर, मय्यत समोर नसताना पढतात ती, त्याची गायबाना जनाजाची नमाज झाली. कोकणातले सगळे आले होते. लोक म्हणाले, महबूबभाई, पुढे व्हा. मी शेवटच्या रांगेत उभा राहिलो.

कमालबरोबर त्याला दफन करणारी ती दोन पोरं अजून तिथेच आहेत. एजंट सांगतो, मी ड्रायव्हर म्हणूनच पाठवले, लढायला ते आपल्या मर्जीने गेले. त्या कराराचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये पहिल्या दिवसापासून होता. कराराची नक्कल आहे का, असं तू विचारलंस तेव्हा तुला मी नाही म्हणालो होतो. तो द्यायचा तर कुणी वाचला हेही सांगावं लागणार होतं.

काल सुट्टी टाकून मी एम्बसीत गेलो. फोटो दिला. मग जिचा अर्थ मला कळतो त्या मराठीत जबानी लिहिली: हा कागद मी वाचून दाखवला. मला तो समजला नव्हता. जो एक शब्द समजला, तो मी सांगितला नाही. खाली पूर्ण नाव घातलं, गावाचंही, आणि सही केली.

तुझ्या सर्फराजचा मामू,
महबूब