भाचीच्या लग्नाची तिमाही

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली, उरलेली तीन येणे बाकी समजावीत.) भावोजींचा गुडघा कसा आहे? भाचीचा संसार नीट चालला असेल. अकरा महिन्यांत तुझा फोन नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार, असं मी धरून चाललो आहे.

इकडचं विशेष म्हणजे माझी नोकरी गेली. घाबरू नकोस, जाऊन पाच आठवडे झाले. घाबरायचं ते मी उरकून घेतलं आहे. एकोणीस वर्षं मी बरण्यांची झाकणं तपासली. दर पन्नासावं झाकण फिरवून बघायचं, घट्ट बसतं की नाही. आता ते काम कॅमेरा करतो. तो फिरवत नाही, नुसता बघतो. (तुझ्या सासूबाईंसारखा. त्यांनाही नुसतं बघूनच सगळं कळायचं.)

बेकारी विम्याच्या संकेतस्थळावर ‘अंदाज काढा’ असं एक बटण आहे. पगार भरला की आठवड्याला किती भत्ता मिळेल ते सांगतं आणि खाली लिहितं, ‘आपला दिवस चांगला जावो.’ पाच आठवड्यांत मला असं म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नाही, म्हणून मी दिवसातून चार-चार वेळा अंदाज काढू लागलो. दर वेळी आकडा वेगळा. एकदा वर्षाचा पगार आठवड्याच्या रकान्यात गेला आणि मला आमच्या मालकाच्या कमाईपेक्षा जास्त भत्ता बसला. तो दिवस मात्र खरंच चांगला गेला.

शेवटी पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात घालून विम्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीपाशी डबा उघडेना. मी ओढतोय, मागची रांग सल्ले देतेय. शेवटी खिडकीतल्या मुलीने चमच्याने झाकण उचकटलं आणि विचारलं, “काका, कामाला कुठे होता?” म्हटलं, “झाकणांच्या कारखान्यात.” तिने पुढे काही विचारलं नाही. (चांगल्या घरची असावी.)

ती म्हणाली, “वर्षाची सरासरी सोडा हो. सगळ्यात जास्त पगाराची तिमाही धरायची, तिच्यातल्या आठवड्याच्या पगाराच्या निम्मा भत्ता.” मग काही चिठ्ठ्या पुढे ओढून म्हणाली, “अगंबाई, हे तीन महिने जवळजवळ दुप्पट? काय झालं होतं तेव्हा?”

काय सांगणार? तुझ्या मुलीचं लग्न झालं होतं.

ताई, मोठी ऑर्डर आली, सुट्टी मिळेना, असं मी तुला कळवलं होतं. ऑर्डर नव्हती. मुकादम तर म्हणाला होता, “अरे, सख्खी भाची ना? जा की!” जादा पाळी मीच मागून घेतली. लग्नात दिसेल तो विचारणार, एकटाच आलास? आणि मी काय, बरोबर झाकण घेऊन येणार होतो? एका दिवसाची थाप खरी वाटावी म्हणून मग तीन महिने दुहेरी पाळी केली. (मी काम तेवढं चोख करतो.) जेवायला बसलेल्या तुम्हा सगळ्यांचा फोटो तू पाठवलास, त्यात तुझ्या शेजारची एक खुर्ची रिकामी आहे. फोटोवर तू काही लिहिलं नव्हतंस. त्यानंतरही नाही.

म्हणजे बघ, तुझ्याकडे न आल्याबद्दल मला सव्वीस आठवडे वाढीव भत्ता मिळणार. आलो असतो तर पुष्कळ कमी मिळाला असता. हिशेब माझ्या फायद्याचा आहे आणि तो मला मुळीच आवडलेला नाही.

भावोजींना नमस्कार. भाचीला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझा,
धाकटा

ता. क. भाचीसाठी घेतलेला स्टीलचा डबा अजून कागदात गुंडाळून कपाटावर आहे. झाकण तपासलं आहे. घट्ट आहे.

आणखी ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. विम्याच्या अर्जात ‘अडचणीच्या वेळी कळवायची व्यक्ती’ असा एक रकाना आहे. तिथे मी तुला न विचारता तुझं नाव आणि नंबर लिहिला. कुणाचा फोन आलाच तर ओळखत नाही म्हणू नकोस.

शेवटचा ता. क. पाकीट पुन्हा उघडलं. तो रकाना कोरा ठेवला तरी चालतो, असं ती मुलगी आधीच म्हणाली होती. तिथून कधी कुणाला फोन जात नाही. तेव्हा त्यांच्या फोनची वाट बघू नकोस. माझा नंबर तोच आहे.